बधिर पाऊल: कुष्ठरोगाच्या वॉर्डातून मधुमेहाच्या दवाखान्यात

बोस्टनचे डॉ. इलियट जॉस्लिन हे इन्सुलिनचे मोठे पुरस्कर्ते. पण १९३४ साली धोक्याची घंटा वाजवली तीही त्यांनीच. मधुमेही कोमातून होणारे मृत्यू साठ टक्क्यांवरून पाचवर आले होते. पायाच्या गँगरीनने दगावणारे मात्र वाढले होते. पूर्वी अनेक रोगी पायाचं दुखणं सुरू व्हायच्या आधीच जायचे. आता ते जगत होते, आणि पायातल्या नसा नि रक्तवाहिन्या पोखरायला साखरेला वर्षं मिळत होती. हे गँगरीन आकाशातून पडत नाही, ते इथल्याच मातीत उपजतं, अशा अर्थाचं जॉस्लिन यांचं वाक्य आजही सांगितलं जातं. मातीतलं म्हणजे टाळता येण्याजोगं. म्हणून त्यांनी सर्जन, परिचारिका आणि पाय निगुतीने साफ करणारा माणूस यांना एकत्र आणलं आणि रोग्यांना पाय धुणं, पुसणं, रोज तपासणं शिकवायला सुरुवात केली.

मधुमेह्याची जखम लवकर भरत नाही, हे काही विसाव्या शतकाने शोधलेलं नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात कष्टाने बरे होणारे व्रण कोणाचे, याची एक यादी आहे. तीत कुष्ठी आणि मधुमेही एकाच श्लोकात येतात. दोन्हींत नस मरते, हे त्या श्लोकात नाही; जखम भरत नाही एवढंच निरीक्षण आहे. पण हे शेजारपण पुढे फार अर्थपूर्ण ठरलं.

युरोपात गँगरीन आणि मधुमेह यांचा धागा जोडला फ्रान्सच्या मार्शल द काल्व्ही यांनी, १८५२ मध्ये. १८८७ साली नॉटिंगहॅमच्या प्राइस या डॉक्टरांनी एक मधुमेही रोगी नोंदवला: दोन्ही तळव्यांना आरपार खोल जखमा, चालीत तोल नाही. म्हणजे दोष फक्त रक्ताचा नव्हता, नसांचाही होता. त्याच्या तीन वर्षं आधी लंडनच्या फ्रेडरिक ट्रेव्ह्ज यांनी तळव्याच्या अशा जखमांवरचा इलाज लिहून ठेवला होता. जखमेभोवतीचा घट्टा तासून काढायचा, रोग्याला झोपवून पायावरचा भार बंद करायचा आणि बरा झाल्यावर पादत्राणाची काळजी शिकवायची. हेच ट्रेव्ह्ज पुढे राजे सातवे एडवर्ड यांच्या अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेमुळे गाजले. तळव्याचा लेख मागे पडला. आजची मार्गदर्शक तत्त्वं वाचली की त्यांतला गाभा ट्रेव्ह्ज यांचाच वाटतो.

मधुमेह्याचा पाय दोन वाटांनी जातो. एक वाट रक्ताची. पोटरीतल्या धमन्या तुंबतात आणि बोटं काळी पडतात. दुसरी नसांची, आणि ती जास्त फसवी. आधी मुंग्या, मग जळजळ, मग काहीच नाही. पावलातले बारीक स्नायू दुबळे होतात, बोटं आकसून वाकडी होतात, चवड्याच्या हाडांवर भार एकवटतो. घाम थांबल्याने कातडी कोरडी पडून भेगाळते. भाराच्या जागी घट्टा धरतो आणि घट्ट्याखाली, बाहेरून न दिसता, जखम होते. रोगी तिच्यावर चालत राहतो, कारण दुखतच नाही. मग जंतू हाडापर्यंत पोचतात.

रक्ताच्या वाटेवर वैद्यकाने एक मोठी चूक केली, आणि ती पंचवीस वर्षं चालली. १९५९ साली कापलेल्या पायांच्या तपासणीवरून एक निष्कर्ष मांडला गेला: मधुमेह्याच्या पायातल्या अगदी सूक्ष्म रक्तवाहिन्याच बंद होतात. तसं असेल तर मोठ्या धमनीला बायपास करून उपयोग काय? म्हणून गुडघ्याखाली किंवा वर पाय कापणं हाच सरळ मार्ग मानला गेला. १९८४ मध्ये अमेरिकेतले लोगेर्फो आणि कॉफमन यांनी या समजाला आधार नसल्याचं दाखवून दिलं. तुंबतात त्या गुडघ्याखालच्या धमन्या. पावलावरची धमनी बरेचदा शाबूत असते. मग थेट पावलाच्या वरच्या धमनीपर्यंत बायपास होऊ लागले, पुढे फुग्याची अँजिओप्लास्टीही आली. मधल्या काळात किती पाय विनाकारण गेले असतील, त्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

नसांच्या वाटेवरचं उत्तर मात्र बोस्टन-लंडनकडून आलं नाही. ते तमिळनाडूतून आलं.

पॉल ब्रँड यांचा जन्म १९१४ साली कोल्ली डोंगरांत, मिशनरी कुटुंबात झाला. शल्यचिकित्सक होऊन ते १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोग्याचं मांसच नासकं असतं, त्यामुळे बोटं झडतात, असा तेव्हा सर्वांचा समज होता, डॉक्टरांचासुद्धा. ब्रँड यांनी रोग्यांचा दिवस बारकाईने पाहिला. कोणी तापलेलं भांडं उघड्या हाताने उचलत होतं, कोणी रक्त आलं तरी गंजलेलं कुलूप पिळत होतं. काहींची बोटं रात्रीतून नाहीशी होत. पाळत ठेवल्यावर कळलं, झोपेत उंदीर कुरतडत होते आणि रोग्याला जाग येत नव्हती. मांजरं पाळल्यावर तो प्रकार थांबला. मांसात दोष नव्हता. गेली होती ती वेदना.

पायाचंही तेच. तळव्याला खडा टोचला की धडधाकट माणूस लंगडतो. ते लंगडणं हाच त्याचा इलाज असतो, कारण दुखऱ्या जागेवरचा भार आपोआप हलतो. बधिर पावलाचा माणूस लंगडत नाही. म्हणून त्याच्यासाठी बाहेरून व्यवस्था हवी, आणि ती प्लास्टरने झाली. कापूस अगदी कमी ठेवून, पावलाच्या प्रत्येक उंचसखल भागाला चिकटेल असं प्लास्टर गुडघ्याखालपर्यंत घालायचं. भार साऱ्या तळव्यावर आणि पोटरीवर वाटला जातो, आणि रोगी हिंडताफिरता राहूनही जखम भरते. श्रीलंकेत मिलरॉय पॉल यांनी हा उपाय आधीच वापरला होता. ब्रँड यांनी त्याला शास्त्र आणि शिस्त दिली. जखम भरल्यावर पुन्हा होऊ नये म्हणून बारीक हवेच्या छिद्रांच्या रबराचे मऊ तळवे असलेल्या चपला आल्या. आपल्याकडे आरोग्य केंद्रांतून कुष्ठरुग्णांना मिळणारी एमसीआर (मायक्रोसेल्युलर रबर) चप्पल ती हीच. दुर्दैवाने ती चप्पल पाहून लोक रोग ओळखू लागले आणि कित्येकांनी ती घालायचंच सोडलं.

१९६६ मध्ये ब्रँड अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले. तिथे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की एका मोठ्या आघाताची गरज नसते. त्याच जागी हजारो वेळा पडणारा साधा दाबही ऊती सुजवून फोडतो. अमेरिकेत कुष्ठरोगी थोडे, बधिर पावलांचे मधुमेही अमाप. कारव्हिलचं ज्ञान तिकडे वळलं. नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवून दहा ग्रॅमचा दाब कळतो का, हे पाहण्याची चाचणीही तिथूनच मधुमेहाच्या दवाखान्यांत पोचली.

१९८९ साली सेंट लुइसमध्ये चाळीस मधुमेह्यांवर रीतसर तुलना झाली. प्लास्टरच्या गटात २१ पैकी १९ व्रण भरले, सरासरी ४२ दिवसांत. नुसत्या ड्रेसिंगच्या गटात १९ पैकी ६. इतका स्पष्ट निकाल वैद्यकात क्वचित मिळतो. (रक्तपुरवठा फार कमी असेल किंवा जंतुसंसर्ग पसरलेला असेल, तर मात्र असं प्लास्टर घालत नाहीत.) तरीही ते रुजलं नाही. घालायला वेळ लागतो, कसब लागतं, वरचेवर बदलावं लागतं. २००८च्या एका अमेरिकी पाहणीत बहुतेक व्रणांसाठी प्लास्टर वापरणारी केंद्रं दोन टक्क्यांहूनही कमी निघाली. काढघाल करता येणारे बूट सोयीचे म्हणून दिले जातात, पण २००३ सालच्या एका अभ्यासात रोग्यांच्या चालण्यापैकी फक्त २८ टक्के चालणं ते बूट घालून झालेलं आढळलं. दुखत नसलेल्या पायाला घरातल्या घरात बूट कोण घालणार?

लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात १९८१ मध्ये मायकल एडमंड्स यांनी डॉक्टर, पाय तज्ज्ञ, बूट बनवणारा आणि सर्जन यांना एकाच दवाखान्यात बसवलं. काही वर्षांत तिथली मोठी अवयवछेदनं निम्म्यावर आली. १९८९च्या सेंट व्हिन्सेंट जाहीरनाम्यात युरोपीय देशांनी मधुमेही गँगरीनमुळे होणारी अवयवछेदनं पाच वर्षांत निम्मी करण्याचं उद्दिष्ट ठेवलं. पुढे १९९६ मध्ये मधुमेही पायासाठीचा आंतरराष्ट्रीय कार्यगट स्थापन झाला.

हे सगळं भारतात परत आलं तेव्हा अडचणी निराळ्या होत्या. अंगठ्याच्या चपला पायातून निसटल्या तरी बधिर पावलाला कळत नाही. भर दुपारी देवळाच्या फरशीवर तळवे भाजतात. भोवरी घरच्या ब्लेडने कापली जाते. गरम पाण्याच्या पिशवीने पाय शेकणं तर घरोघरी. आणि पाय तज्ज्ञ हा पेशाच आपल्याकडे जवळपास नव्हता. नागपूरचे डॉ. शरद पेंडसे, नेदरलँड्सचे कारेल बाकर आणि टांझानियाचे झुल्फिकारअली अब्बास यांनी २००० नंतरच्या दशकात ‘स्टेप बाय स्टेप’ हा प्रकल्प भारत आणि शेजारच्या देशांत तसंच टांझानियात राबवला. प्रशिक्षणाला एकटा डॉक्टर घेत नसत, सोबत परिचारिका हवी. कारण रोजचं काम तिच्याच हाती राहणार होतं. भर होता तो पाय वेळीच तपासण्यावर, घट्टा नीट तासण्यावर आणि जखमेवरचा भार उतरवण्यावर.