सामाईक व्यापार-जाळी : अर्धवट सुटलेल्या एका निर्णयाची पार्श्वभूमी

एकाच उद्योगातल्या कंपन्यांनी मिळून उभारलेली ऑनलाइन जाळी गेल्या काही वर्षांत पुन्हा चर्चेत आली आहेत. जर्मनीच्या मोटार उद्योगाने 2021 पासून असे जाळे बांधायला घेतले. मांस उद्योगातल्या माहितीच्या देवाणघेवाणीवरून अमेरिकेच्या सरकारने 2023 मध्ये खटला भरला. कंटेनर वाहतुकीतले सर्वांत गाजलेले जाळे त्याच वर्षी बंद झाले. तिन्ही ठिकाणी मुद्दा एकच आहे : जाळे कोणाच्या मालकीचे, आणि त्यात कोणाला कोणाचे काय दिसते. हा मुद्दा 2000 सालच्या उन्हाळ्यात थेट नियामकांच्या टेबलावर आला होता. तेव्हाच त्याचा निकाल लागायला हवा होता असे माझे मत आहे, म्हणून या टिपणात त्या वर्षाला जास्त जागा दिली आहे.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात. 1948-49 मध्ये बर्लिनची नाकेबंदी झाली. शहराला विमानाने माल पोचवताना वेगवेगळ्या नमुन्यांच्या आणि भाषांच्या कागदांनी गोंधळ उडाला, तेव्हा टेलेक्सवरून पाठवता येईल अशी एकसारखी मालाची यादी ठरवावी लागली. पुढे हीच कल्पना वाहतूक उद्योगाने उचलली. अमेरिकेत 1968 मध्ये रेल्वे, ट्रक, जहाज आणि विमान कंपन्यांची संयुक्त समिती बसली आणि 1975 मध्ये संगणकांनी परस्पर वाचायच्या कागदपत्रांचे पहिले मानक छापले गेले. हेच ईडीआय. 1987 मध्ये त्याला एडिफॅक्ट या नावाने आंतरराष्ट्रीय मानकाचे रूप मिळाले. अमेरिकी पद्धतीत खरेदी ऑर्डरचा नंबर 850, माल निघाल्याची सूचना 856, बीजक 810. खरेदी खात्यात काम केलेल्यांना हे आकडे आजही तोंडपाठ असतात.

मानक एक असले तरी प्रत्येक मोठ्या गिऱ्हाइकाने त्यात स्वतःची पोटकलमे घातली. त्यामुळे पाच मोठ्या कंपन्यांना माल देणाऱ्या छोट्या पुरवठादाराला तेच 850 पाच तऱ्हांनी वाचावे लागे. संदेश वाहून नेणारी खासगी जाळी अक्षरांच्या हिशेबाने पैसे घेत, आणि जोडणीचा भुर्दंड सहसा पुरवठादारावरच पडे. सामाईक जाळ्याची मागणी मुळात या त्रासातून आली. हे विसरले जाते, कारण नंतरची सगळी भाषा खरेदीदारांच्या बचतीची आहे.

बँकांनी हा प्रश्न लवकर सोडवला होता. 1973 मध्ये 15 देशांतल्या 239 बँकांनी ब्रुसेल्समध्ये सदस्यांच्याच मालकीची संदेशसंस्था काढली आणि 1977 मध्ये तिचे पहिले संदेश धावले. ती टिकली याचे एक मोठे कारण असे की त्या जाळ्यावर कोणी भाव ठरवत नव्हते. पैसे कोणी कोणाला द्यायचे एवढाच निरोप तिथून जात होता.

विमान कंपन्यांचा अनुभव याच्या उलट. 1976 पासून अमेरिकेतल्या प्रवास एजंटांच्या टेबलावर मोठ्या विमान कंपन्यांची आरक्षण टर्मिनले आली. त्यांवर इतर कंपन्यांची उड्डाणेही दिसत, पण मालक कंपनीची आधी. एजंट बहुतेक वेळा पहिल्या स्क्रीनवरूनच तिकीट काढत असल्याने या क्रमाला रोख किंमत होती. 1984 मध्ये सरकारने नियम करून ही लबाडी बंद केली.

दुसरे प्रकरण अधिक बारीक आहे आणि माझ्या मते या सगळ्या विषयाची किल्ली आहे. विमान कंपन्यांच्या सामाईक मालकीची एक संस्था सगळ्यांची भाडी गोळा करून रोज सर्व आरक्षण यंत्रणांना पाठवत असे. प्रत्येक भाड्याला ‘या तारखेपासून विक्री’ आणि ‘या तारखेपर्यंत विक्री’ असे रकाने होते, शिवाय तळटीपेचे खुणेचे अक्षर. एखादी कंपनी दोन आठवड्यांनंतरची तारीख टाकून वाढीव भाडे नोंदवायची. त्या भाड्याने तिकीट त्या दिवशी कोणालाच घेता येत नसे, पण प्रतिस्पर्ध्यांना ते लगेच दिसे. त्यांनी तशीच वाढ नोंदवली तर भाडे लागू व्हायचे, नाही नोंदवली तर तारीख पुढे ढकलायची किंवा वाढ मागे घ्यायची. प्रतिस्पर्ध्याने आपला धंदा जास्त असलेल्या शहरातून स्वस्त भाडे लावले, तर त्याचा धंदा जास्त असलेल्या शहरातून तितकेच स्वस्त भाडे नोंदवायचे आणि दोन्हींना तेच खुणेचे अक्षर द्यायचे, म्हणजे समोरच्याला निरोप पोचतो. एकाही बैठकीविना, एकाही फोनविना भावाची बोलणी चालू होती, असा सरकारचा आरोप होता. डिसेंबर 1992 मध्ये खटला दाखल झाला आणि 1994 मध्ये तडजोडीने मिटला. भविष्यातल्या तारखांची ही खेळी बंद करण्यात आली. जाळे मात्र राहिले, कारण भाडी कळवण्याचे त्याचे काम खरोखर उपयोगाचे होते.

आता 1999 कडे. उलट्या लिलावाचा, म्हणजे पुरवठादारांनी चढाओढीने भाव खाली आणण्याच्या लिलावाचा, धंदा 1995 पासून पिट्सबर्गमधून सुरू झाला होता. पोलाद, रसायने, प्लॅस्टिक अशा उद्योगांसाठी त्रयस्थ मंडळींनी काढलेले बाजार गुंतवणूकदारांमध्ये भाव खात होते. 2004 पर्यंत कंपन्यांमधला ऑनलाइन व्यापार 7 लाख कोटी डॉलरच्या पुढे जाईल असे भाकीत 2000 च्या जानेवारीत छापून आले होते. मोठ्या उद्योगांनी विचार केला की माल आपला, पुरवठादार आपले, तर दलाली दुसऱ्याने का खावी?

नोव्हेंबर 1999 मध्ये डेट्रॉइटच्या दोन प्रतिस्पर्धी मोटार कंपन्यांनी आपापले वेगळे खरेदी-बाजार एकाच दिवशी जाहीर केले. दोन्हींना सुटे भाग देणाऱ्यांनी तक्रार केली : पुन्हा दोन यंत्रणा, दोन नमुने. 25 फेब्रुवारी 2000 रोजी त्या दोघी एकत्र आल्या, तिसरी मोठी कंपनीही सामील झाली आणि सामाईक बाजाराची घोषणा झाली. तिघींची मिळून वर्षाची खरेदी सुमारे 24,000 कोटी डॉलरची होती. नंतर एक फ्रेंच आणि एक जपानी कंपनीही आली. त्या वसंत ऋतूत किरकोळ विक्री, खाणकाम, विमानबांधणी, रसायने असा एकही मोठा उद्योग उरला नाही ज्यातून अशी घोषणा आली नाही.

स्पर्धा-कायद्याच्या दृष्टीने शंका तीन होत्या. पहिली, सगळे मोठे खरेदीदार एकत्र येऊन पुरवठादाराचा भाव पाडतील. दुसरी, प्रतिस्पर्ध्यांना एकमेकांची खरेदी, पर्यायाने येऊ घातलेली मॉडेल आणि उत्पादनाचा अंदाज कळेल. तिसरी, या बाजारात आल्याशिवाय धंदाच मिळणार नाही अशी सक्ती होईल. एप्रिल 2000 मध्ये अमेरिकेच्या दोन्ही केंद्रीय नियामकांनी प्रतिस्पर्ध्यांमधल्या सहकार्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. जूनच्या अखेरीस वॉशिंग्टनमध्ये या बाजारांवर दोन दिवसांची खुली चर्चा झाली. म्हणजे प्रश्न माहीत होता, खुणेच्या अक्षरांचा खटला मिटून जेमतेम सहा वर्षे झाली होती, आणि सहा महिने छाननीही झाली.

11 सप्टेंबर 2000 रोजी मोटार कंपन्यांच्या बाजारावर अमेरिकी नियामकाचा निर्णय आला : चौकशी बंद, प्रतीक्षाकाळ (छाननी होईपर्यंत थांबण्याची मुदत) समाप्त, पुढे जा. पण सोबत जे लिहिले होते ते वाचण्यासारखे आहे. या उपक्रमाची पोटनियमावली अजून ठरलेली नाही, कामकाजाचे नियम ठरलेले नाहीत, सहभागाच्या अटी ठरलेल्या नाहीत, तो अजून सुरूही झालेला नाही, आणि बाजारातला त्याचा वाटा फार मोठा आहे. त्यामुळे तो स्पर्धेला बाधक ठरणार नाही असे आम्ही म्हणू शकत नाही, गरज पडल्यास पुन्हा लक्ष घालू, असा त्याचा आशय होता.

या निर्णयाचे समर्थन करणाऱ्यांचे म्हणणे साधे होते आणि त्यात तथ्यही आहे. जी गोष्ट अजून अस्तित्वात नाही तिला दोषी कसे धरणार? आधीच अटी लादल्या तर चांगली कल्पना जन्मण्याआधीच मरेल. विलीनीकरणाच्या छाननीला मुदत असते आणि ती संपली की होय किंवा नाही सांगावे लागते. शिवाय हा बाजार पुढे आपल्याच वजनाने खाली आला, मग अटी घालून काय मिळाले असते?

मला हे पटत नाही. ज्या तीन गोष्टी ठरलेल्या नाहीत असे नियामकाने स्वतः लिहिले, त्याच तीन गोष्टींवर पुरवठादारांचे सगळे अवलंबून होते. नियम न वाचता सही करायची, किंवा तीन सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकांना नाही म्हणायचे, एवढेच पर्याय त्यांच्यापुढे उरले. याच सुमारास ब्रुसेल्सने, म्हणजे युरोपीय महासंघाच्या नियामकाने, वेगळी वाट धरली. विमानांच्या सुट्या भागांच्या बाजाराला तिथे ऑगस्ट 2000 मध्ये मंजुरी मिळाली होती. मोटारींच्या बाजाराची तपासणी मात्र जुलै 2001 पर्यंत चालली, आणि मंजुरी देताना कारणे स्पष्ट नोंदवली गेली : बाजार सर्वांना भेदभावाविना खुला, मानके खुली, सहभागींना दुसऱ्या बाजारात जाण्याची मुभा, मोटार कंपन्यांची एकत्रित खरेदी नाही, आणि प्रत्येकाची माहिती भिंतीआड सुरक्षित. वॉशिंग्टनने जे रिकामे सोडले ते दहा महिन्यांनी ब्रुसेल्समध्ये कागदावर आले. तोवर विश्वासाचे व्हायचे ते नुकसान झाले होते.

ते नुकसान कसे झाले हे कळायला उलटा लिलाव जवळून पाहावा लागतो. खरेदीदार सुट्या भागांचा एक गठ्ठा करतो, नकाशे आणि प्रमाण आधी पाठवतो, आणि ठरल्या वेळी स्क्रीन उघडते. पुरवठादाराला समोर सर्वांत कमी बोली किंवा स्वतःचा क्रमांक दिसतो, प्रतिस्पर्ध्याचे नाव दिसत नाही. वेळ संपायला मिनिटभर असताना कोणी बोली खाली आणली की घड्याळ आपोआप काही मिनिटे पुढे जाते, मग पुन्हा पुढे. वीस वर्षे त्या गिऱ्हाइकाचे साचे सांभाळणारा आणि काल नोंदणी केलेला, दोघेही त्या स्क्रीनवर सारखेच. साच्याची देखभाल, वेळेवर पुरवठा, नकाशातली चूक फोन करून कळवणे, यांपैकी कशालाही तिथे रकाना नव्हता. आणि लिलाव संपल्यावर बोलींची सगळी नोंद खरेदीदारांच्याच मालकीच्या यंत्रणेत राहणार. या परिस्थितीत पुरवठादार हात आखडता घेणारच. स्वतःचे पुरवठादार त्यावर आणायला, स्वतःची रेखाटने त्यावर ठेवायला तो तयार होत नसे, आणि त्याच्याविना बाजार म्हणजे फक्त लिलावाची खोली.

शेअर बाजार मार्च 2000 मध्येच शिखरावरून घसरला होता. त्रयस्थांचे बाजार आधी गेले. जीवशास्त्रीय रसायनांचा गाजलेला बाजार 2000 च्या अखेरीस गुंडाळायला घेतला गेला, 1998 मध्ये निघालेला पोलादाचा 2001 मध्ये बंद पडला. मोटारवाल्यांचा सामाईक बाजार त्यानंतर दोन-तीन वर्षे चालला. 2003 च्या अखेरीस त्याचा लिलावाचा भाग पिट्सबर्गच्या त्या जुन्या लिलाव कंपनीला विकला गेला, उरलेला 2004 मध्ये डेट्रॉइटच्या एका सॉफ्टवेअर कंपनीला. या उरलेल्या भागात काय होते? संदेशांची देवाणघेवाण, आणि एकाच पासवर्डने अनेक मोटार कंपन्यांच्या पुरवठादार-पोर्टलवर जाण्याची सोय. पुरवठादारांनी पहिल्यापासून मागितले होते ते नेमके हेच. 2017 मध्ये हाच उरलेला भाग सुमारे 10.3 कोटी डॉलरना एका कॅनेडियन कंपनीकडे गेला.

2000 साली जन्मलेली सगळीच जाळी मेली नाहीत. रसायन उद्योगाचे जाळे टिकले. तिथे लिलावापेक्षा, आधीच करार झालेल्या खरेदीदार-विक्रेत्यांच्या ऑर्डरी आणि बिले एकाच जोडणीतून नेण्यावर भर होता. विमानबांधणी आणि संरक्षण उद्योगाचेही टिकले, कारण गोपनीय रेखाटने सुरक्षितपणे वाटून घेणे हेच त्याचे मुख्य काम झाले. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी 1998 मध्ये बाजार उभारण्याच्या फंदात न पडता फक्त संदेशांचे मानक ठरवले, तेही वर्षानुवर्षे वापरात राहिले. किरकोळ विक्रीतले दोन प्रतिस्पर्धी बाजार 2005 मध्ये एक झाले.

मालकीचा प्रश्न मात्र पुन्हा डोके वर काढतो. 2018 मध्ये जगातल्या एका बड्या जहाज कंपनीने संगणक कंपनीसोबत कंटेनर वाहतुकीचे जाळे सुरू केले. तंत्र ब्लॉकचेनचे होते, पण अडचण जुनीच : प्रतिस्पर्ध्याच्या जाळ्यावर आपले गिऱ्हाईक का दाखवायचे? 2019 मध्ये इतर मोठ्या जहाज कंपन्या आल्या, तरी नोव्हेंबर 2022 मध्ये ते बंद करण्याची घोषणा झाली. उद्योगाचे पूर्ण सहकार्य मिळाले नाही, असे कारण मालकांनी स्वतःच दिले. जर्मन मोटार उद्योगाच्या नव्या जाळ्याने यावरून धडा घेतलेला दिसतो. तिथे माहिती मध्यवर्ती ठिकाणी जमा होत नाही. ती ज्याची त्याच्याकडे राहते आणि काय, कोणाला, कोणत्या अटीवर द्यायचे हे मालकच ठरवतो. तिथल्या स्पर्धा-नियामकाने मे 2022 मध्ये त्याला हिरवा कंदील दाखवला.

अमेरिकेत गोष्टी उलट्या दिशेने सरकल्या. 1990 च्या दशकापासून तिथे एक ढोबळ सूट होती : माहिती त्रयस्थाने गोळा केलेली, तीन महिन्यांहून जुनी, किमान पाच कंपन्यांची, आणि एकाही कंपनीचा वाटा 25 टक्क्यांहून जास्त नाही, तर सहसा कारवाई नाही. मूळ तरतूद आरोग्यसेवेसाठी होती, वापरली मात्र सगळ्याच उद्योगांनी. फेब्रुवारी 2023 मध्ये न्याय खात्याने ती काढून घेतली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मांस उद्योगाचे आकडे पुरवणाऱ्या कंपनीवर खटला भरला. डिसेंबर 2024 मध्ये एप्रिल 2000 ची सहकार्याची मार्गदर्शक तत्त्वेही मागे घेण्यात आली. त्या वेळी त्यांच्या जागी दुसरी दिली गेली नाहीत, आणि नवे जाळे बांधणाऱ्यांना सांगण्यात आले की कायदा आणि न्यायालयांचे निकाल वाचून स्वतःच ठरवा.