भातावरचा आळ

समजा, वाडीत सत्यनारायणाची पूजा झाली. ८० माणसं जेवली. भात, काळ्या वाटाण्याची उसळ, कोबीची भाजी, शिरा आणि सोलकढी. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्यांतल्या ३० जणांना उलट्या-जुलाब सुरू झाले. दोष कशाचा?

गोष्ट बनवलेली, आकडेही बनवलेले. पण सिंधुदुर्गातल्या एका हायस्कुलात नववीच्या वर्गापुढे आम्ही ती ठेवली तेव्हा मुलं लगेच कामाला लागली. आजारी माणसांना काय काय खाल्लं ते विचारायचं, असं ठरलं. उत्तरांच्या चिठ्ठ्या तयारच होत्या. ३० आजाऱ्यांपैकी २८ जणांनी भात खाल्ला होता, २६ जणांनी सोलकढी घेतली होती, २४ जणांनी उसळ. आकडे फळ्यावर गेले आणि वर्गाने निकाल देऊन टाकला. भात! तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "पण सर, भात तर सगळ्यांनीच खाल्ल्यानी मगे!"

साथरोगशास्त्र सुरू होतं ते या वाक्यापासून. आजारी कोण आणि त्यांनी काय खाल्लं, एवढंच विचारून भागत नाही. जे ठणठणीत राहिले त्यांच्याकडेही जावं लागतं, आणि नेमकं हेच कुणाला सुचत नाही, मोठ्यांनाही नाही. मग उरलेल्या ५० चिठ्ठ्या उघडल्या. भात खाणारे ७५, त्यांतले आजारी २८, म्हणजे ३७ टक्के. भात न खाणारे ५, त्यांतले आजारी २, म्हणजे ४० टक्के. भात सुटला. उसळ खाणाऱ्या ६० जणांत २४ आजारी, न खाणाऱ्या २० जणांत ६. ४० आणि ३० टक्के, फरक आहे पण थोडा. सोलकढी घेणारे ४०, त्यांतले आजारी २६, म्हणजे ६५ टक्के. न घेणारेही ४०, त्यांतले आजारी फक्त ४, म्हणजे १० टक्के. साडेसहा पट! वर्गात एकदम गलका झाला.

तरी प्रकरण मिटलं नाही. सोलकढी न घेता आजारी पडलेल्या त्या चौघांचं काय? कुणी म्हणालं, विसरले असतील. कुणी म्हणालं, दुसऱ्याच्या वाटीतून घोटभर घेतली असेल. एकाने सांगितलं की जुलाब दुसऱ्या कशानेही होतात, पूजा असो वा नसो. तिन्ही उत्तरं बरोबर असू शकतात, आणि खऱ्या तपासातही असे चारदोन जण उरतातच. मग पंगती वेगळ्या केल्या. पहिल्या पंगतीत सोलकढी घेणाऱ्या १६ जणांपैकी ४ आजारी, दुसऱ्या पंगतीत २४ पैकी २२. आता मुलं स्वयंपाकघरात शिरली. दुसऱ्या पंगतीला सोलकढी कमी पडली असणार, मग टोपात पाणी वाढवलं असणार, ते कुठल्या विहिरीचं? सोलकढी उकळत नाहीत, हे तिथे कुणाला सांगावं लागलं नाही.

या सगळ्यात गणित किती लागलं? अपूर्णांक आणि शेकडेवारी. आठवीच्या विज्ञानात 'आरोग्य व रोग' हा धडा आहे, नववीच्या गणितात सांख्यिकी आहे. दोन्ही पुस्तकं एकाच दप्तरात असतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत. विज्ञान प्रदर्शनात दरवर्षी तोच थर्माकोलचा ज्वालामुखी फसफसतो, त्याच्या शेजारी असा एखादा तक्ता लागायला काय हरकत आहे?

लंडनचा डॉक्टर जॉन स्नो याची गोष्ट सांगताना सगळे १८५४ च्या कॉलऱ्याच्या साथीत त्याने काढायला लावलेला ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याच्या पंपाचा दांडाच सांगतात. मला त्याच वर्षीचा त्याचा दुसरा तक्ता जास्त आवडतो. दक्षिण लंडनच्या काही भागात दोन कंपन्यांचे नळ एकाच रस्त्यावरून गेलेले. साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी शहराची घाण मिसळलेल्या थेम्सचं पाणी द्यायची. लँबेथ कंपनीने आपला उपसा १८५२ मध्ये शहराच्या वर, नदीच्या स्वच्छ भागात नेला होता. कॉलऱ्याने पहिल्या कंपनीच्या घरांत १,२६३ माणसं गेली, लँबेथच्या घरांत ९८, आणि उरलेल्या लंडनमध्ये १,४२२. नुसते मृत्यू मोजले तर उरलेलं लंडनच सर्वांत वाईट! पण स्नोने खाली घरं लिहिली. ४०,०४६, २६,१०७ आणि २,५६,४२३. मग दर दहा हजार घरांमागे मृत्यू निघतात ३१५, ३७ आणि ५५. रॉबर्ट कॉखने कॉलऱ्याचा जंतू जगापुढे मांडायला अजून तीस वर्षं होती. जंतू न दिसताही पाण्यावर बोट ठेवता आलं, ते अपूर्णांकातल्या त्या खालच्या आकड्यामुळे, छेदामुळे.

हाच छेद कोकणात भाद्रपदात गंमत करतो. गणपतीला चाकरमानी येतात, एरवी कुलूप असलेली घरं उघडतात, एकेका घरात पंधरा-वीस माणसं निजतात. त्या आठवड्यात आरोग्य केंद्रात तापाचे रुग्ण वाढले, तर साथ आली की माणसं वाढली? मुलांना हा प्रश्न फार भावतो, कारण छेद त्यांच्याच ओटीवर गाद्या टाकून झोपलेला असतो.

वैद्यकीय शाखेबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही हे शास्त्र शिकवावं, असं डेव्हिड फ्रेझर यांनी १९८७ मध्ये मांडलं. १९७६ साली फिलाडेल्फियातल्या गूढ न्यूमोनियाचा तपास ज्यांच्या नेतृत्वाखाली झाला, तेच हे फ्रेझर. पुढे अमेरिकेत हायस्कूलच्या मुलांसाठी 'यंग एपिडेमिऑलॉजी स्कॉलर्स' नावाची स्पर्धाही काही वर्षं चालली. आपल्याकडे राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत मुलं गावातल्या प्रश्नावर प्रकल्प करतात, त्यात हे चपखल बसतं. आणि शिकलेल्या मुलांनी लगेच खालच्या वर्गाला शिकवावं. नववीच्या मुलाला 'निरोगी माणसांना का विचारायचं' हे सातवीला पटवून द्यावं लागलं, की त्याला स्वतःला ते कितपत कळलंय हे दोन मिनिटांत उघडं पडतं.

खरा प्रकल्प घ्यायचा तर लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, समोरच आहे. त्याचे जंतू उंदीर-घुशींच्या, गुरांच्या मूत्रातून पाण्यात आणि चिखलात येतात आणि भेगाळलेल्या, कापलेल्या कातडीतून शरीरात शिरतात. आता लेप्टो झालेल्या दहा जणांना विचारलं आणि नऊ जण म्हणाले 'शेतात गेलो होतो', तर काय कळलं? काहीच नाही. लावणीच्या दिवसांत शेतात कोण जात नाही? इथेही तोच भात नडतो, फक्त ताटातला नव्हे. म्हणून प्रत्येक रुग्णामागे त्याच वाडीतला, साधारण त्याच वयाचा, ताप न आलेला माणूस शोधायचा आणि दोघांना तेच प्रश्न विचारायचे. पायाला जखम होती का? गमबूट होते का? गोठा कोण साफ करतं? लागण झाल्यापासून ताप यायला बहुधा पाच ते चौदा दिवस जातात, तेव्हा प्रश्न कालचे नकोत, मागच्या दोन-तीन आठवड्यांचे हवेत. एक अडचण राहतेच. आजारी पडलेला माणूस 'मला कशाने झालं' याचा इतका विचार करून बसलेला असतो की त्याला बारीकशी जखमही आठवते. शेजाऱ्याला त्याची जखम आठवत नाही.

मुलांनी निदान करायचं नाही, औषध सुचवायचं नाही, कुणाचं नाव वहीत लिहायचं नाही. रुग्णाच्या घरी जाण्याआधी आरोग्य केंद्राची परवानगी आणि बरोबर आशाताई, एवढं पाळायचंच. ते जमणार नसेल तर केंद्राकडून नावं नसलेले महिनावार आकडे मागावेत. आलेखाला तेवढे पुरतात. लेप्टोचे खांब पावसाळ्यात आणि त्याच्या शेपटाला उंच होतात, माकडतापाचे मात्र कोरड्या दिवसांत.

माकडताप म्हणजे १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेलेला आजार. विषाणू गोचिडीतून येतो. २०१६ मध्ये तो सिंधुदुर्गातल्याच दोडामार्ग तालुक्यात आढळला. गोचिडीची पिल्लं रानात भरपूर असतात त्याच महिन्यांत काजूचा हंगाम असतो, आणि माणसं बी वेचायला पातेऱ्यात वाकतात. दोन्ही आजारांत ताप, दोन्हींत अंगदुखी. पण खांब वेगळ्या महिन्यांत उभे राहिले की वाटाही वेगळ्या असणार, हे नववीतल्या मुलाला कागदावर दिसतं. या आजाराने माकडंही मरतात. रानात मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही, हात लावायचा नाही, वनखात्याला आणि आरोग्य केंद्राला कळवायचं. वहीत तारीख आणि जागा मात्र लिहून ठेवायची, कारण माणसांतला ताप पुष्कळदा त्या तारखेनंतर सुरू होतो.