खांद्याचं ऑपरेशन ठरलंय? शेवटच्या इंजेक्शनची तारीख सांगा

खांदा दुखतो म्हणून कधीतरी सांध्यात इंजेक्शन घेतलेलं असतं. दुखणं थांबतं, केसपेपर हरवतो आणि दीड-दोन महिन्यांनी दुसऱ्याच डॉक्टरांकडे ऑपरेशन ठरतं. तिथे ‘औषधं काय चालू आहेत?’ म्हटलं की लोक बीपीची, शुगरची गोळी सांगतात. इंजेक्शन कुणाला आठवत नाही. आमच्या फिजिओथेरपी केंद्रात इंजेक्शन देत नाहीत, पण व्यायामाला येणाऱ्यांकडून ही तारीख आम्ही पहिल्याच दिवशी लिहून घेतो, ती याचसाठी.

या इंजेक्शनात बहुधा ट्रायमसिनोलोन किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन हे सूज कमी करणारं स्टेरॉइड असतं, साधारण ४० मिलिग्रॅम, आणि सोबत बधिरतेचं लिग्नोकेन. बधिरता काही तासांत उतरते, एक-दोन दिवस खांदा उलट जास्तच ठणकू शकतो, मग गुण येतो. (जिममध्ये पिळदार दंडांसाठी घेतात ते स्टेरॉइड वेगळं.) फ्रोझन शोल्डरच्या (आखडलेल्या खांद्याच्या) सुरुवातीच्या दुखऱ्या काळात याचा चांगला उपयोग होतो आणि व्यायाम जमू लागतो. रोटेटर कफ (खांद्याभोवतीचे स्नायू आणि त्यांना हाडाशी जोडणारे स्नायूबंध) फाटला असेल तर मात्र दुखणं दबतं, फाटलेलं जुळत नाही.

ऑपरेशनच्या तोंडावर ते का नको? औषध सांध्यात आठवडेच्या आठवडे राहतं आणि तिथली जंतूंशी लढण्याची ताकद कमी करतं. खांद्याच्या त्वचेतल्या तेलग्रंथींमध्ये क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचे जंतू राहतात. ते फार सावकाश वाढतात, त्यामुळे संसर्ग कधी कधी काही महिन्यांनी लक्षात येतो. शिवाय स्टेरॉइडमुळे कोलॅजन, म्हणजे स्नायूबंधाला बळकटी देणारं प्रथिन, कमी तयार होतं. मग सर्जननं घातलेले टाके धरून ठेवायला स्नायूबंध कमजोर पडतो.

दुर्बिणीतून रोटेटर कफ शिवायचा असेल तर इंजेक्शननंतरचा पहिला महिना संसर्गाच्या दृष्टीनं सर्वांत जोखमीचा. पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण सहा महिन्यांपर्यंतच्या इंजेक्शननंतरही जास्त आढळलेलं आहे. सांधा बदलायचा असेल तर बहुतेक सर्जन पूर्ण ३ महिने थांबतात. तारीख लपवून ऑपरेशन लवकर उरकण्यात काहीच फायदा नाही.

मधुमेह असेल तर इंजेक्शननंतर शुगर चढते, बहुतेकांची २ ते ७ दिवस. त्या आठवड्यात ती रोज तपासा. इन्सुलिनचा डोस मनानं वाढवू नका, डॉक्टरांना फोन करा.

सर्जनकडे जाताना कागदावर एवढं लिहून न्या: कोणत्या खांद्यात, कोणत्या तारखेला, कोणतं औषध, किती मिलिग्रॅम, वर्षभरात एकूण किती वेळा. आठवत नसेल तर इंजेक्शन दिलेल्या दवाखान्यातून लिहून आणा. पुढे कधी घ्यायची वेळ आली तर बाटलीच्या लेबलचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, म्हणजे अंदाजानं सांगावं लागणार नाही.

ऑपरेशननंतर महिना झाला तरी दुखतं म्हणून जवळच्या दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घेऊन येणारे असतात. तसं करू नका. पहिला महिना उलटल्यावर गरज असेल तर ऑपरेशन करणारे सर्जनच ते देतील.

इंजेक्शन घेतलेल्या दिवशी खांदा चोळू नका, शेकू नका. ठणका असेल तर कापडात गुंडाळलेला बर्फ १० ते १५ मिनिटं ठेवा. तीन दिवसांनंतरही ठणका वाढत गेला, जागा लाल-गरम झाली किंवा ताप आला, तर व्यायामाला येऊ नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.