मुलांची फळांची कँडी आणि कुत्र्याचा गोठवलेला खाऊ : साचा एक, कृती वेगळी

एप्रिल-मे महिन्यांत ज्या घरात लहान मुले आहेत आणि कुत्राही आहे, त्या घराच्या फ्रीजरमध्ये कलिंगडाचे लालसर साचे शेजारी शेजारी ठेवलेले दिसतात. फळ तेच, मिक्सर तोच, साचाही बहुधा तोच. त्यामुळे मुलांसाठी केलेल्या कँडीतलीच एखादी कुत्र्याला द्यावी, किंवा फार तर साखर तेवढी वगळून तीच कृती करावी, असे कोणालाही वाटणे स्वाभाविक आहे. परंतु मुलांची कँडी ज्या ज्या गोष्टींमुळे चांगली जमते, त्यांतील जवळजवळ प्रत्येक गोष्ट कुत्र्याच्या खाऊतून काढावी लागते, आणि साखरेच्या बाबतीत तर ती काढल्यावर जी नवी अडचण उभी राहते तिचाही विचार करावा लागतो.

कँडीतली साखर केवळ गोडीसाठी नसते. साखर विरघळलेले पाणी शून्य अंशाच्या खाली गेल्यावरच गोठू लागते, आणि घरच्या फ्रीजरच्या उणे १८ अंशांच्या आसपासच्या तापमानातही त्या मिश्रणाचा काही भाग द्रवरूपात शिल्लक राहतो. बर्फाचे स्फटिक त्यामुळे एकमेकांना घट्ट धरून ठेवत नाहीत आणि कँडी दातांनी सहज तुटते. शिवाय थंड पदार्थाची गोडी जिभेला कमी जाणवते, म्हणून गोठवायचे मिश्रण चाखताना जरा जास्तच गोड लागेल इतकी साखर घालण्याची पद्धत आहे. हीच साखर वगळून नुसता कलिंगडाचा किंवा काकडीचा रस गोठवला, तर त्यात पाणीच नव्वद टक्क्यांहून अधिक असल्यामुळे हाती येतो तो जवळजवळ शुद्ध बर्फाचा टणक तुकडा.

माणूस असा तुकडा चघळतो. कुत्रा तो थेट दाढेखाली घेतो. कुत्र्याच्या वरच्या जबड्यातील मोठी दाढ खालच्या दाढेवरून कात्रीच्या पात्यासारखी घसरते, आणि टणक वस्तू चावताना नेमक्या याच दाढेचा कपचा निघण्याची भीती असते. नखाने दाबून ज्या वस्तूवर जराही खूण उमटत नाही ती कुत्र्याला चावायला देऊ नये, हा पशुदंतवैद्यांचा सल्ला हाडांइतकाच बर्फालाही लागू पडतो. तुटलेली दाढ दुखत असली तरी अनेक कुत्री खाणे सोडत नाहीत, त्यामुळे घरच्यांच्या ते लक्षातही येत नाही; ही बाब मला सर्वांत चिंतेची वाटते.

उपाय मात्र स्वयंपाकघरातच आहे. साखर जे काम करते ते काही अंशी तंतू आणि स्निग्धांश यांच्याकडून करून घेता येते. वाफवून घोटलेला लाल भोपळा, कुस्करलेले केळे किंवा घट्ट दही मिश्रणात असले की गोठलेला पदार्थ ठिसूळ राहतो आणि जिभेने चाटताना सुटत जातो. दुसरा मार्ग म्हणजे जाडी कमी करणे. चाटण्यासाठी मिळणाऱ्या खाचांच्या रबरी चटईवर मिश्रणाचा पातळ थर पसरून गोठवला, की कुत्र्याला चावण्यासारखे काही उरतच नाही आणि दहा-पंधरा मिनिटे तो त्यात रमतो. साच्यातले घन द्यायचेच असतील तर ते बाहेर काढून पाचेक मिनिटे ठेवावेत, आणि बोटाने दाबल्यावर कडा दबू लागल्या की मगच द्यावेत. पगसारख्या चपट्या तोंडाच्या आणि न चावता गिळणाऱ्या कुत्र्यांना घन देऊच नयेत. त्यांच्यासाठी चटईच बरी. मुलांच्या कँडीतली लाकडी काडी येथे पूर्णपणे वर्ज्य आहे, कारण ती कुत्र्याने चावून गिळली तर तिची टोके घशाला किंवा आतड्याला भोक पाडू शकतात.

साखर नसेल तर कुत्र्याला खाऊ आवडेल का, ही शंका बाळगण्याचे कारण नाही. मांजराला गोडी कळत नाही, कुत्र्याला कळते. परंतु माणसाच्या जिभेवर नऊ हजारांच्या आसपास असलेले स्वादांकुर कुत्र्याच्या जिभेवर साधारण सतराशेच असतात आणि अन्नाची निवड तो मुख्यतः वासावरून करतो. गोठलेल्या पदार्थाचा वास मंद होतो. म्हणूनच पाच मिनिटे बाहेर ठेवलेला घन तो लगेच उचलतो आणि नुकताच काढलेला कधी कधी हुंगून सोडून देतो. अर्थात फळाची स्वतःची साखर असतेच आणि तिचा हिशेब ठेवावा लागतो. पशुआहारतज्ज्ञ सांगतात की दिवसाच्या एकूण ऊर्जेपैकी दहा टक्क्यांहून अधिक भाग खाऊतून जाऊ नये. नसबंदी झालेल्या, दहा किलो वजनाच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला सुमारे ६३० किलोकॅलरी लागतात असे धरले, तर खाऊच्या वाट्याला ६३ येतात. तेवढ्यात २०० ग्रॅम कलिंगड बसते, पण आंब्याचा गर १०० ग्रॅमच बसतो; आणि त्या दिवशी त्याने दुसरे कोणतेही बिस्किट खाल्लेले नसेल तरच हा हिशेब खरा.

आता त्या जिन्नसांकडे वळू, ज्यांच्याबाबत चूक झाली तर ती दुरुस्त करणे अवघड असते. मुलांच्या कँडीत द्राक्षे सर्रास पडतात, आणि नाशिकच्या हंगामात ती घराघरांत असतात. द्राक्षे, मनुका आणि बेदाणे यांमुळे कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. एका कुत्र्याला मूठभर खाऊन काही होत नाही आणि दुसऱ्याला थोड्याच द्राक्षांनी गंभीर त्रास होतो, म्हणून सुरक्षित प्रमाण असे सांगताच येत नाही. यामागचे कारण बराच काळ अज्ञात होते. २०२१ मध्ये अमेरिकेतील एएसपीसीए या संस्थेच्या प्राणी-विषबाधा केंद्रातील पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लाकडे लक्ष वेधले, कारण क्रीम ऑफ टार्टार (बेकिंगमध्ये वापरतात ती टार्टारिक आम्लाच्या क्षाराची पूड) पोटात गेलेल्या कुत्र्यातही द्राक्षांसारखाच बिघाड दिसला होता. आपल्याकडे या माहितीचे महत्त्व अधिक आहे, कारण चिंचेत हेच आम्ल भरपूर असते. मुलांसाठी केलेल्या चिंच-गुळाच्या आंबटगोड कँडीचा उरलेला तुकडा कुत्र्यापुढे टाकणे हा लाड नव्हे, तर धोका आहे.

घरात मधुमेही व्यक्ती असेल तर कँडीत साखरेऐवजी दुसरा गोडवा वापरला जातो. त्यात झायलिटॉल असेल तर ते कुत्र्याच्या शरीरात इन्सुलिनचा मोठा लोंढा सोडते. तासाभरातच रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते आणि पुढे यकृतालाही इजा होऊ शकते. शेंगदाण्याच्या काही तयार बटरमध्येही ते असते, म्हणून डब्यावरील घटकांची यादी वाचल्याशिवाय ते खाऊत मिसळू नये. आमरस किंवा कुल्फीच्या मिश्रणात आपण सवयीने जायफळ किसून घालतो. त्यातील मिरिस्टिसिन हे द्रव्य कुत्र्याला बाधते. चॉकलेट, चाट मसाला आणि मीठ यांनाही येथे जागा नाही. मुलांचे मिश्रण आधी पूर्ण तयार करून मग त्यातून कुत्र्याचा वाटा काढण्यापेक्षा, नुसता गर आधी बाजूला काढून ठेवावा आणि मुलांच्या वाट्यात मागाहून हवे ते घालावे, हा क्रम अधिक सुरक्षित आहे.

फळे सोलताना मुलांच्या बाबतीत जी सूट घेतली जाते ती कुत्र्याच्या बाबतीत घेऊ नये. सफरचंदाचा गाभा, चिकूच्या व सीताफळाच्या बिया, कलिंगडाची पांढरी-हिरवी साल हे सर्व आधी काढावे. आंब्याची कोय तर कधीही देऊ नये, कारण ती आतड्यात अडकली की शस्त्रक्रियेवाचून सुटत नाही. भाज्यांमध्ये गाजर, लाल भोपळा, काकडी, फरसबी आणि रताळे चांगली. गाजर किंवा रताळे वाफवून घोटले तर पचते. गाजराचे कच्चे तुकडे बरेचदा जसेच्या तसे विष्ठेतून बाहेर पडतात. दुधी आणि काकडी स्वतः चाखून पाहावी आणि कडू लागली तर टाकून द्यावी.

दुधाबाबतही फरक आहे. मुलांच्या कुल्फीत दूध आटवतात किंवा कंडेन्स्ड मिल्क घालतात, पण अनेक प्रौढ कुत्र्यांना दुधातील लॅक्टोज पचत नाही आणि जुलाब होतात. बिनसाखरेचे दही थोड्या प्रमाणात बहुतेकांना चालते. २०० ग्रॅम वाफवलेला लाल भोपळा आणि १०० ग्रॅम दही एकत्र घोटून लहान साच्यांत ओतले, तर वीसेक घन होतात आणि प्रत्येकात साधारण ५ ते ६ किलोकॅलरी असतात. पहिल्या दिवशी एकच घन देऊन दुसऱ्या दिवशीची विष्ठा पाहावी. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा स्वादुपिंडाची सूज असलेल्या कुत्र्यासाठी मात्र आधी पशुवैद्यांना विचारणे आवश्यक आहे.

गोठवल्याने जंतू मरत नाहीत, त्यांची वाढ फक्त थांबते. त्यामुळे वीज बराच वेळ गेल्यावर वितळलेला खाऊ पुन्हा गोठवून देऊ नये. दोन्ही प्रकारांचे डबे वेगळे ठेवून त्यांवर नावे लिहावीत, कारण घरी आलेल्या पाहुण्याला दोन लाल घनांमधला फरक कळणार नाही. तसेच, जोरजोराने धापा टाकणारा, लाळ गाळणारा, अडखळत चालणारा कुत्रा उष्माघाताच्या मार्गावर असू शकतो. त्याच्या तोंडात गार घन कोंबण्यात वेळ घालवू नये, तर अंगावर साधे पाणी ओतून, पंखा लावून त्याला तातडीने दवाखान्यात न्यावे.

मुलांच्या हातून द्राक्षांची किंवा चिंचेची कँडी कुत्र्याच्या पोटात गेलीच, तर लक्षणे दिसण्याची वाट पाहू नये. उलट्या पहिल्या दिवसात सुरू होऊ शकतात, पण मूत्रपिंडांचा बिघाड उघड व्हायला एक ते तीन दिवस लागतात, आणि उपचारांचा उपयोग होण्याचा काळ त्याआधीचा असतो. मीठ पाजून घरी उलटी करवण्याचा प्रयत्न करू नये, कारण मिठाचीच विषबाधा होऊ शकते. कुत्र्याचे वजन, त्याने काय आणि अंदाजे किती खाल्ले, व केव्हा, एवढी माहिती हाताशी ठेवून लगेच पशुवैद्यांना फोन करावा, आणि कँडी विकतची असेल तर तिचे वेष्टनही सोबत न्यावे.