बोर्ड तासगावात, डीबगर विश्रामबागेत

द्राक्षबागेतल्या ठिबकचे व्हॉल्व्ह उघडझाप करणारा कंट्रोलर हा सांगली-मिरजेकडच्या इंजिनिअरिंगच्या मुलांना सहज सुचणारा प्रोजेक्ट. कोड लॅपटॉपवर लिहायचा, चालायचा मात्र बागेतल्या बोर्डवर. अडलं की जीडीबी हा डीबगर, म्हणजे चालता प्रोग्रॅम थांबवून आत काय चाललंय ते दाखवणारं हत्यार, जोडायचा. लॅपटॉपवर 'रन' म्हटलं की प्रोग्रॅम सुरू होतो. तेच बोर्डला जोडून म्हटलं, तर हे टार्गेट 'रन' करू देत नाही असं उत्तर येतं. संशय आधी बोर्डवर, मग वायरवर जातो. डीबगरवर तो सहसा कोणी घेत नाही. पण डीबगर हाही एक प्रोग्रॅमच, आणि तो दोन्हीकडे सारखा वागतो का हे तपासण्यात लोकांची बरीच वर्षं गेली आहेत.

रिचर्ड स्टॉलमन यांनी 1986 मध्ये जीडीबी लिहिला, तेव्हा डीबगर आणि तपासायचा प्रोग्रॅम एकाच मशीनवर असणं हीच सर्वसाधारण रीत होती. लिनक्सवर आजही तसं काम 'पीट्रेस' या सिस्टिम कॉलच्या जोरावर चालतं: कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, सांगायचं, तो प्रोग्रॅम थांबवतो, त्याची मेमरी दाखवतो.

चित्र बदललं ते धंद्यामुळे. 1989 मध्ये सिग्नस ही कंपनी निघाली. तिच्या संस्थापकांपैकी जॉन गिलमोर यांनी पुढची काही वर्षं जीडीबीची देखभालही केली. फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरला पैसे घेऊन आधार द्यायचा, हा कंपनीचा व्यवसाय. आणि गिऱ्हाइकांत स्वतःचे बोर्ड बनवणारे पुष्कळ. म्हणजे कंपायलर (लिहिलेल्या कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) बांधला एका मशीनवर, चालवला दुसऱ्यावर, त्यातून निघालेला कोड तिसऱ्यावर. अशा तिहेरी बांधणीला 'कॅनेडियन क्रॉस' म्हणतात. त्या काळी कॅनडात तीन राष्ट्रीय पक्ष होते म्हणून हे नाव पडलं, असं सांगतात.

एवढ्या वेगवेगळ्या मशीनवर डीबगर नीट चालतो का, हे तपासायचं कसं? डीबगर संवादी असतो. त्याच्याशी कोणीतरी बोलावं लागतं. डॉन लाइब्स यांचं 'एक्सपेक्ट' हे हत्यार नेमकं तेच करतं: कमांड टाइप करतं, उत्तराची वाट बघतं, अपेक्षेप्रमाणे आलं का ते जुळवतं. त्याच्यावर सिग्नसमध्ये रॉब सव्हॉय यांनी 'डेजाग्नू' ही चाचण्या चालवणारी चौकट उभी केली. त्यातली खरी हुशारी अशी, की चाचणी एकदाच लिहायची आणि बोर्डचा स्वभाव वेगळ्या फाइलमध्ये ठेवायचा. फाइल बदलली की तीच चाचणी दुसऱ्या मशीनवर.

कागदावर हे सरळ दिसतं. पण चाचण्या लिहिणारा बसलेला असतो स्वतःच्या मशीनसमोर, आणि तिथली गृहीतकं त्याच्या नकळत चाचणीत उतरतात. 'प्रिंटएफ' या मजकूर छापणाऱ्या फंक्शनचं उत्तर डीबगरच्याच स्क्रीनवर येईल, हे एक गृहीतक. मधे जीडीबीसर्व्हर, म्हणजे दूरच्या मशीनवर बसून जीडीबीचे हुकूम पाळणारा छोटा प्रोग्रॅम, आला की तो मजकूर सर्व्हरच्या टर्मिनलवर जातो. इकडे एक्सपेक्ट वाट बघतं, वेळ संपते, चाचणी नापास. प्रोग्रॅमला कमांड लाइनवरून आर्ग्युमेंट देता येतील, हे दुसरं. नुसत्या चिपवर कमांड लाइनच नसते. ब्रेकपॉइंट, म्हणजे प्रोग्रॅम थांबवायच्या खुणा, हव्या तेवढ्या लावता येतील, हे तिसरं. कॉर्टेक्स-एम3 या चिपच्या गाभ्यावर फ्लॅश मेमरीतल्या कोडसाठी हार्डवेअरचे सहाच असतात.

म्हणून बोर्डच्या फाइलमध्ये सवलती आल्या: इथे प्रोग्रॅमचं आउटपुट दिसत नाही, इथे आर्ग्युमेंट नाहीत, इथे सिग्नल नाहीत. सवलत असली की चाचणी नापास न होता 'अनटेस्टेड' किंवा 'अनसपोर्टेड' ठरते. सोय चांगली, पण मला ती धोक्याचीही वाटते. निम्म्या चाचण्या माफ केल्या तर अहवालात 'फेल' शून्य दिसतं आणि त्याला काडीचा अर्थ उरत नाही.

जीडीबी आणि बोर्ड या दोन टोकांमधली भाषा, म्हणजे प्रोटोकॉल, मात्र साधी आहे. डॉलरच्या खुणेने पॅकेट सुरू, मग मजकूर, मग हॅशची खूण आणि दोन अंकी हेक्साडेसिमल चेकसम, म्हणजे मजकूर बिघडला का ते पडताळणारी बेरीज. 'जी' म्हणजे रजिस्टर (प्रोसेसरच्या आतले छोटे कप्पे) दे, 'एम' म्हणजे मेमरी दे. पॅकेट नीट पोचलं तर अधिकचं चिन्ह, नाही तर वजा, म्हणजे पुन्हा पाठव. सिरियल केबलवर गोंगाट असतो हे धरूनच ती आखलेली आहे.

प्रत्येक विकसकाकडे बोर्ड कुठून येणार? त्यावरची तोड स्वस्तातली निघाली: स्वतःच्याच मशीनवर जीडीबीसर्व्हर चालवायचा आणि त्याला दूरचं मशीन समजायचं. 'नेटिव्ह-जीडीबीसर्व्हर' ही बोर्ड फाइल एवढंच करते. कर्नल तोच, पीट्रेस तोच, फक्त मधे प्रोटोकॉल. त्याच प्रोटोकॉलच्या 'एक्स्टेंडेड' प्रकारात 'रन'ही चालतं. त्याही पुढची फाइल स्वतःच्याच मशीनवर एसएसएचने, म्हणजे दूरच्या मशीनवर लॉगिन करायच्या पद्धतीने, जाते, फाइली खरोखर कॉपी करते, आणि सांगितलं तर दुसऱ्या युजरच्या नावाने. दोघांची डिस्क एकच आहे असं धरून लिहिलेल्या चाचण्या तिथे उघड्या पडतात.

सांगलीच्या विश्रामबागेतल्या खोलीतही एवढं जमतं. जीडीबीचा सोर्स बांधून 'मेक चेक' ही सगळ्या चाचण्या चालवणारी कमांड आधी साधी द्यायची, मग टार्गेट बोर्ड म्हणून नेटिव्ह-जीडीबीसर्व्हर देऊन, आणि दोन्ही वेळच्या 'जीडीबी डॉट सम' या निकालाच्या फाइली 'डिफ'ने ताडून बघायच्या. जिथे फरक पडतो तिथे दोष डीबगरचा, चाचणीचा की प्रोटोकॉलच्या मर्यादेचा, हे हाताने एकेक उलगडावं लागतं. ओपनओसीडी हा बोर्ड आणि जीडीबी यांच्यातला दुवा चालू करून 3333 पोर्टवर खरा बोर्ड जोडायचा तो त्यानंतर.