उरलेल्या गोळ्या सुट्टीच्या आठवड्यात घेऊ नका
स्तनाच्या कॅन्सरसाठी कॅपेसिटाबिन घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

गोळी कशासाठी आहे हे डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलेलेच आहे. आमच्या काउंटरवर प्रश्न येतात ते पुढचे: जुलाब लागले म्हणून चार दिवस गोळ्या बंद ठेवल्या, आता उरलेल्या कधी घ्यायच्या? उत्तर एकच आहे. त्या सायकलमध्ये घ्यायच्याच नाहीत.

नेहमीचा हिशेब असा. १४ दिवस गोळ्या, मग ७ दिवस सुट्टी, अशी २१ दिवसांची एक सायकल. समजा चिठ्ठीवर ५०० मिलिग्रॅमच्या ३ गोळ्या सकाळी आणि ३ संध्याकाळी लिहिल्या आहेत. म्हणजे दिवसाला ६ आणि सायकलला ८४. दहाव्या दिवसानंतर डॉक्टरांनी थांबवल्या तर २४ गोळ्या हातात राहतात. महागाची औषधे, वाया कशी घालवायची, शिवाय कोर्स अर्धा राहील ही भीती, म्हणून पंधराव्या दिवसापासून त्या घेतल्या जातात. सगळ्यात जास्त त्रास इथेच होतो. ही गोळी शरीरात गेल्यावर ५-फ्लुरोयुरॅसिल या औषधात बदलते. झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर ते घाव घालते, मग त्या कॅन्सरच्या असोत, तोंडाच्या आणि आतड्याच्या अस्तराच्या असोत की रक्त तयार करणाऱ्या असोत. सात दिवसांची सुट्टी निरोगी पेशी भरून येण्यासाठीच असते. ती सुट्टी खाल्ली की पुढची सी.बी.सी. (रक्तपेशी मोजणारी तपासणी) बिघडते आणि सायकल आणखी लांबते. त्रासामुळे चुकलेले डोस भरून काढायचे नाहीत, असे उत्पादकाच्या माहितीपत्रकातही लिहिलेले आहे. डॉक्टरांनी सांगितलेला खंड हा उपचाराचाच भाग आहे, उपचार सोडणे नव्हे.

पैसे वाया जाऊ नयेत याची सोय आम्ही केली आहे. उरलेल्या गोळ्या स्ट्रिपमध्येच, बॅच नंबर आणि मुदतीची तारीख दिसेल अशा ठेवा आणि पुढच्या खेपेला घेऊन या. मोजून तेवढ्या कमी देतो. स्ट्रिप १० गोळ्यांची असते. ८४ च्या जागी ९ स्ट्रिप दिल्या तर ६ गोळ्या जास्त जातात आणि त्याही पंधराव्या दिवशी पोटात जातात, म्हणून स्ट्रिप कापून मोजक्याच देतो. एका वेळी एकाच सायकलच्या गोळ्या देतो आणि दर वेळी नवी चिठ्ठी मागतो. यावरून काही जण नाराज होतात, पण वजन, रक्ताचा रिपोर्ट आणि आधीचा त्रास पाहून डॉक्टर डोस बदलतात. जुन्या चिठ्ठीवर दिलेली गोळी जुन्याच डोसची असते.

पहिला डोस संध्याकाळी घेतला तर दिवस मोजताना गफलत होते. सोमवारी संध्याकाळी सुरुवात केली, तर शेवटचा डोस तिसऱ्या सोमवारी सकाळी येतो. सोबतच्या तक्त्यात २८ चौकटी आहेत, घेतलेल्या डोसवर खूण करा. गोळी जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत घ्यायची, अर्ध्या तासाने नव्हे. दोन डोसमध्ये साधारण १२ तास ठेवा. गोळी तोडू किंवा कुटू नका. डोस विसरला किंवा घेतल्यावर उलटी झाली, तर पुन्हा घेऊ नका. पुढचा डोस नेहमीच्या वेळी, नेहमीएवढाच.

या गोळीने तळहात आणि तळपाय आधी झिणझिणतात, मग लाल होतात, जळजळतात, सोलतात. क्रीम त्रास सुरू झाल्यावर नव्हे, पहिल्या दिवसापासून लावायचे: १० टक्के यूरियाचे, दिवसातून तीनदा, रात्री वर सुती मोजे. आमच्याकडे मिळते, पण दुसरीकडून घेतलेत तरी ट्यूबवर १० टक्के लिहिले आहे ना, ते बघा. भेगा पडल्या असतील तिथे ते झोंबते. १ टक्का डायक्लोफिनॅक जेल दिवसातून दोनदा हातांना लावल्याने हा त्रास बराच कमी झाल्याचे दिल्लीच्या एम्समधील चाचणीत दिसले (२०२४ मध्ये प्रसिद्ध). ते तुमच्यासाठी योग्य आहे का, डॉक्टरांना विचारा. बाम आणि गरम पाण्याचा शेक नको.

औषधाइतकेच महत्त्व घरकामाला आहे. उष्णता, दाब आणि घर्षण यांनी त्वचा सोलते. म्हणून भाकरी थापणे, कपडे पिळणे, गरम पाण्याने भांडी घासणे हे दुसऱ्या कोणाकडे द्या. घट्ट जोडवी काढून ठेवा, घरातही मऊ चप्पल घाला. मेंदी लावू नका, खालचा लालपणा दिसत नाही. मूठ मिटताना किंवा चालताना दुखू लागले, की पुढचा डोस घेण्याआधी हॉस्पिटलला फोन.

बोटांचे ठसे पुसट होतात. रेशन दुकानात किंवा बँकेत अंगठा लागत नसेल तर घाबरू नका. आधार पडताळणी बुबुळावरून, चेहऱ्यावरून किंवा मोबाईलवरच्या ओटीपीवरूनही होते. पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखलाही चेहऱ्यावरून काढता येतो.

जुलाब रोजच्यापेक्षा चार वेळा जास्त झाले, किंवा रात्री उठावे लागले, तर गोळी थांबवून फोन करा. ओआरएसचे मोठे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात घाला. अर्धे पाकीट ग्लासभर पाण्यात असा अंदाज करू नका. जुलाब थांबवणारे लोपेरामाइड डॉक्टरांनी लिहून दिले असेल तरच. तोंड आले तर अर्धा लिटर पाण्यात अर्धा चमचा मीठ आणि अर्धा चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा चुळा भरा. मिश्री पूर्ण बंद. ताप १००.४ किंवा वर गेला, तर पॅरासिटामॉलने दाबण्याआधी फोन. छातीत दुखले तर गोळी बंद आणि थेट हॉस्पिटल.

अशक्तपणासाठी लोक आमच्याकडे बी-कॉम्प्लेक्स किंवा रक्तवाढीची गोळी मागतात. यातल्या बऱ्याच गोळ्यांत फॉलिक ॲसिड असते आणि त्याने कॅपेसिटाबिनचा त्रास वाढतो. म्हणून आम्ही विचारल्याशिवाय देत नाही. रक्त पातळ ठेवणारे वॉर्फरिन, फिटसाठीचे फेनिटोइन, युरिक ॲसिडसाठीचे अॅलोप्युरिनॉल यांपैकी काही चालू असेल तर पहिल्याच दिवशी सांगा.

गोळ्या इतर औषधांच्या डब्यात मिसळू नका, आणि घरातल्या गरोदर बाईला उघड्या हाताने त्या काढायला लावू नका. पुढच्या खेपेला येताना नवी चिठ्ठी, ताजी सी.बी.सी., खुणा केलेला तक्ता आणि उरलेल्या स्ट्रिप एवढे घेऊन या. मोजणी आणि बिल दहा मिनिटांत होते.