लॉकडाऊनमध्ये पक्षी हळू गात होते

परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर लॉकडाऊनच्या आठवणी निघाल्या. भांडी घासायच्या पाळ्या, पत्त्यांचे डाव, दुधाच्या रांगा सगळं झाल्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी लिहिलं, "पण तेव्हा पक्षी काय मोठमोठ्यानं गायचे! माणूस घरात बसला आणि त्यांचे गळे मोकळे झाले." लगेच अंगठे आणि जोडलेल्या हातांची रांग लागली. ग्रुपवर वाद घालायचा नाही एवढं मी आता शिकलोय. पण जिथे हे खरोखर मोजलं गेलं तिथे नेमकं उलटं निघालं. पक्षी हळू गात होते.

मोजणी झाली ती अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास. एलिझाबेथ डेरीबेरी आणि त्यांचे सहकारी तिथल्या व्हाइट-क्राउन्ड स्पॅरोचा अभ्यास करत होते. चिमणीएवढंच पाखरू, डोक्यावर काळे-पांढरे पट्टे. त्यांच्याकडे २०१५ आणि २०१६ सालची ध्वनिमुद्रणं होती. २०२० च्या वसंतात गोल्डन गेट पुलावरची वाहतूक थेट १९५४ च्या पातळीवर उतरली, तेव्हा त्याच जागी जाऊन पुन्हा ध्वनिमुद्रण केलं. पाखरांचा आवाज जवळपास एक-तृतीयांशानं कमी भरला. तरीही गाणं पूर्वीच्या दुप्पट अंतरावर पोचत होतं, कारण मधला गोंगाटच गेला होता. आता वर्तुळाचं क्षेत्रफळ आठवा. त्रिज्या दुप्पट झाली की क्षेत्रफळ चौपट. म्हणजे एका जागी उभं राहून चौपट पक्षी ऐकू येणार! काकांच्या कानांनी फसवलं नव्हतं, फक्त कारण चुकलं होतं.

गोंगाट वाढला की आपण नकळत आवाज चढवतो, हे एत्येन लोंबार्ड या फ्रेंच कानतज्ज्ञानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दाखवलं. त्यासाठी दवाखान्यात जायची गरज नाही, मंगल कार्यालयात जा. बँड जोरात असतो, मावशी शेजारणीच्या कानात ओरडून काही सांगत असते आणि बँड अचानक थांबतो. "...पण मुलाला टक्कल आहे!" हे अर्धं वाक्य पहिल्या रांगेतल्या मुलाकडच्यांपर्यंत जातं. मावशीला आपण ओरडतोय हे माहीतच नसतं. बर्लिनमधल्या नाइटिंगेलचंही असंच आहे. (आपल्याकडे अनुवादांत याला बिनदिक्कत बुलबुल करतात. तो वेगळा पक्षी.) हेन्रिक ब्रुम यांनी मोजलं तर शांत भागातल्या आणि गोंगाटातल्या नरांच्या आवाजात १४ डेसिबलपर्यंत फरक निघाला, म्हणजे ध्वनीची ऊर्जा सुमारे पंचवीस पट. आणि कामाच्या दिवशी सकाळी ते सुट्टीच्या दिवसापेक्षा जोरात गात.

पण मला जास्त आवडते ती दुसरी युक्ती. नुसतं ओरडण्याऐवजी पट्टी बदलायची.

वाहतुकीचा आवाज एकसारखा पसरलेला नसतो. इंजिनाची घरघर, टायरची घासघास यातली बरीचशी ऊर्जा साधारण २ किलोहर्ट्झच्या खाली, म्हणजे खालच्या सुरांत असते. अशी कल्पना करा की पेटीच्या डाव्या टोकाच्या सगळ्या पट्ट्या कुणीतरी कोपरानं दाबून धरल्यात आणि भाता हाणतोय. त्या गदारोळात तुम्हाला काही वाजवून दाखवायचं असेल तर उजव्या टोकाला सरकावं लागेल. डावीकडे वाजवलेला सूर बुडेल.

तो का बुडतो, हे कानाच्या आतल्या रचनेत आहे. आतल्या कानात द्रवानं भरलेली नळी असते. आपली शंखासारखी वळलेली, पक्ष्यांची आखूड आणि जवळजवळ सरळ, काही मिलिमीटरची. तिच्यातल्या पडद्यावर सूक्ष्म केस असलेल्या पेशींच्या रांगा असतात आणि प्रत्येक सुराला त्या पडद्यावर आपली जागा असते. उंच सूर एका टोकाला हलवतात, खालचे दुसऱ्या. ट्रकच्या घरघरीनं खालच्या सुरांची जागा आधीच हलती ठेवली असेल, तर त्याच जागेवर आलेल्या पाखराच्या सुरानं काही वेगळं घडत नाही, मेंदूला फरक कळत नाही. वरच्या सुरांची जागा मात्र बरीचशी मोकळी असते. 'बरीचशी' म्हणायचं कारण, खालचा आवाज फार मोठा असेल तर त्याची हालचाल पडद्यावर वरच्या सुरांच्या बाजूलाही सांडते. म्हणून महत्त्वाचा असतो गाण्यातला सगळ्यात खालचा सूर, तळाचा. बुडायची पाळी पहिल्यांदा त्याच्यावर येते.

२००३ साली हान्स स्लाबेकोर्न आणि मार्गरीट पीट यांनी नेदरलँड्समधल्या लायडन शहरात ग्रेट टिट पक्ष्याच्या ३२ नरांची गाणी तपासली. (आपली राखी वल्गुली याचीच सख्खी बहीण, पूर्वी दोघी एकच जात मानल्या जात.) जिथे गोंगाट जास्त, तिथे गाण्याचा तळ चढलेला.

यावर भांडण आहे, तेही सांगायला हवं. ब्रुम आणि एर्विन नेमेथ यांचं म्हणणं असं की जोरात गाण्यानं होणारा फायदा पट्टी चढवण्यापेक्षा मोठा आहे, आणि कदाचित पट्टी चढते ती ओरडण्याचीच परिणती म्हणून. ओरडताना आपलाही सूर चढतोच. मला वाटतं दोन्ही खरं असावं, पाखरू पाखरू बघून.

कारण काही पाखरं गाणं शिकतात. व्हाइट-क्राउन्ड स्पॅरोचं पिल्लू पहिल्या दोन-तीन महिन्यांत आसपासच्या मोठ्या नरांचं ऐकून गाणं उचलतं, म्हणून भागाभागात त्यांच्या बोली वेगळ्या. आता गोंगाटात वाढणाऱ्या पिल्लाच्या कानावर काय पोचेल? जे बुडत नाही ते. प्रयोगशाळेत पिल्लांना गोंगाटात दोन्ही प्रकारची गाणी ऐकवली, तेव्हा त्यांनी न बुडणारी उचलली. सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रेसिडिओ भागात १९६९ मध्ये नोंदलेल्या बोलींपैकी चढ्या तळाची बोली पुढे पसरली, बाकीच्या आक्रसल्या. जनुक तेच, गाणं बदललं.

याची किंमतही मोजावी लागते. ग्रेट टिटच्या माद्यांना खालचे सूर आवडतात, आणि चढ्या पट्टीत गाणाऱ्या नरांच्या घरट्यात दुसऱ्याची पिल्लं जास्त सापडली. म्हणजे मादीला ऐकू जायचं की मादीला आवडायचं, यातलं एक निवडा.

कोकिळेला तर ही शिकायची सोयच नाही. नर वाढतो कावळ्याच्या घरट्यात, तरी मोठा होऊन कुहूच म्हणतो. गाणं शिकायचं असतं तर काव काव केलं असतं. भारद्वाजाचा तो घुमणारा हूप-हूपही त्याच घराण्यातला, आणि नेमका ट्रकच्या पट्टीतला.

जाता जाता टिटवीचं. रात्री टिटवी ओरडली की कुणीतरी जाणार, असं अजून बोलतात. ती उघड्या जमिनीवर खड्यांत अंडी घालते आणि जवळून कुणीही गेलं की ओरडते, कुत्रा, गाडी किंवा मोबाइल बघत चालणारा माणूस. प्लॉट पडले, रात्री दिवे आणि वर्दळ वाढली, तर ती जास्त ओरडणारच. आणि लॉकडाऊनमध्ये सगळीकडे फिरलेला, व्हेनिसच्या कालव्यात डॉल्फिन आल्याचा तो व्हिडिओ? तो सार्डिनियाच्या बंदरातला होता.

आमच्या समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर पहाटे साडेपाचला एक दयाळ येतो. शेपटी वर करून, पंख थोडे पाडून शिट्ट्या मारतो. गेल्या महिन्यात मी हौसेनं रविवारी आणि सोमवारी मोबाइलवर त्याचं ध्वनिमुद्रण केलं, नाइटिंगेलसारखा फरक दिसतो का बघायला. दोन्ही दिवस आवाज सारखाच भरला. मग कळलं, मोबाइल आपणहून आवाज कमी-जास्त करून सारखा करून ठेवतो. पट्टी तरी दिसेल म्हणून आलेख काढला, तर सोमवारच्या आलेखाचा खालचा पट्टा पूर्ण काळा. कचऱ्याची गाडी उभी होती, गाण्यासह.